मागच्या चाकाचा हट्ट

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला बहुधा एकाच गोष्टीची धास्ती असते : आज गाडी चालूं होईल कीं नाहीं ? इंजिनाचा पहिला हुंकार ऐकण्यासाठीं सारें घर अंगणांत गोळा होतें आणि तो ऐकूं आला म्हणजे सर्वांच्या जिवांत जीव येतो. वास्तविक जी गाडी चालूं होत नाहीं ती कोणाचेंही वाईट करीत नाहीं. ती बिचारी जागच्या जागीं उभी राहते. भीति बाळगावयाची ती चालूं होणाऱ्या, पण वेळीं न थांबणाऱ्या गाडीची. म्हणून जुन्या मोटारीच्या धन्यानें वर्षांतून एकदां तरी चारही ब्रेक उघडून पाहावे, हा शहाणपणाचा नियम होय. परंतु हा नियम पाळावयास निघालेला माणूस पुढच्या दोन चाकांपाशीं हंसतमुख असतो आणि मागच्या चाकांपाशीं येतांच त्याला घाम फुटूं लागतो. पुढचे ड्रम हातासरशीं निघतात. मागचे जागचे हलत नाहींत. असें कां व्हावें, आणि अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं एकच गाडी घेणें सोयीचें. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें दीड कोट 'टी' गाड्या विकल्यावर डिसेंबर १९२७ मध्यें आपली 'ए' नांवाची नवी मोटार लोकांपुढें आणली. १९३१ पर्यंत या जातीच्या अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. फोर्डच्या 'टी' गाडींत पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरच्या पेटींत काम करी. 'ए' गाडींत प्रथमच चारही चाकांना ब्रेक आले. हे ब्रेक तेलाच्या दाबानें चालत नाहींत. पायाचा जोर लोखंडी दांड्यांनीं चाकांपर्यंत पोंचविला जातो. हिंदुस्थानांत १९२६ सालींच फोर्ड कंपनीची शाखा निघाली होती. त्यामुळें मुंबई इलाख्यांतील डॉक्टर, वकील, संस्थानिक व व्यापारी यांच्या दारांत ही गाडी दिसूं लागली. त्यांतील ज्या आज शिल्लक आहेत त्या कुटुंबाचा ठेवा म्हणून जपल्या जातात.

अशीच एक गाडी पुण्यांतील एका बंगल्यांत होती असें समजावें. आजोबांनीं ती १९३० सालीं घेतली. आज सत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या नातवाकडे ती वारशानें आली. त्यांच्या नातीचें लग्न पंधरा दिवसांवर आलेलें, आणि नवऱ्यामुलीनें याच गाडींत बसून कार्यालयाच्या दारीं उतरावें अशी सर्वांची हौस. धनी मोठे सावध गृहस्थ. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीं ब्रेक पाहिलेच पाहिजेत असें त्यांनीं ठरविलें. मुलीचा धाकटा भाऊ इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणारा. त्यानें बाह्या सारल्या. पुढचे दोन ड्रम तासाभरांत निघाले. मागच्या डाव्या चाकापाशीं मात्र सबंध दुपार गेली. चाकाचे पांच नट काढले, चाक निघालें. पण त्याच्या मागचा ड्रम जणूं गाडीबरोबरच ओतलेला. मुलानें आधीं हातांनीं ओढलें, मग पहारीनें उचकटलें, आणि शेवटीं कोपऱ्यांतला घण उचलला. तेवढ्यांत धन्यानीं बोलावलेले वृद्ध मिस्त्री फाटकांतून आंत आले. त्यांनीं घण पाहिला आणि इतकेंच विचारलें, "काय बाळ, कोणावर रागावलांत ?"

"मिस्त्रीकाका, पुढचे निघाले, मग हाच कां निघत नाहीं ?" मुलानें विचारलें.

प्रश्न योग्य होता, आणि सगळी विद्या त्याच्या उत्तरांत आहे.

पुढचें चाक नुसतें फिरावयाचें असतें. स्थिर दांड्यावर दोन बेअरिंगांच्या आधारानें तें मोकळें गरगरतें. नट काढला कीं तुंबा व ड्रम हातांत येतात. मागच्या चाकाचें काम निराळें. इंजिनाची सारी शक्ति त्याच्याकडून रस्त्यावर उतरते. म्हणून आंतला आंस आणि चाकाचा तुंबा हे जणूं एकजीव असावे लागतात. यासाठीं आंसाचें टोंक गाजरासारखें निमुळतें घडविलेलें असतें आणि तुंब्याचें भोकही तितकेंच निमुळतें असतें. बाहेरून नट आवळला म्हणजे एक दुसऱ्यांत घट्ट रुतत जातो. फोर्ड 'ए' च्या या नटाला शंभर फूट-पौंडांचा पीळ द्यावयाचा असतो. म्हणजे फूटभर लांबीच्या पान्ह्याच्या टोंकाला शंभर पौंडांचें ओझें टांगल्याइतका. आंस व तुंबा यांच्यामध्यें पोलादाची एक लहानशी चावीही खाचेंत बसविलेली असते. पुष्कळांचा समज असा कीं चाक ती चावीच फिरविते. तसें नाहीं. भार वाहावयाचा तो निमुळत्या पकडीनें. चावी हा केवळ राखणदार आहे. आणि फोर्ड 'ए' चा मागचा ड्रम त्या तुंब्यालाच पक्का जोडलेला असल्यामुळें, ड्रम काढणें म्हणजे ही पकड सोडविणें होय.

ही पकड काय चीज आहे हें कळण्यासाठीं कारखान्यांत जावयास नको, स्वयंपाकघर पुरे. एकांत एक ठेवलेलीं दोन फुलपात्रें कधीं कधीं अशीं अडकून बसतात कीं दोन माणसांनीं दोन्हीं बाजूंनीं ओढलीं तरी सुटत नाहींत. त्यांना कोणी खिळा मारलेला नसतो कीं डाग दिलेला नसतो. बाजू थोड्याशा निमुळत्या, एकमेकींवर नीट टेकलेल्या, एवढेंच कारण. तेथें घरची शहाणी बाई काय करते ? ती फुलपात्रें जमिनीवर आपटीत नाहीं. बाहेरचें पात्र कढत पाण्यांत धरते आणि आंतल्या पात्रांत गार पाणी ओतते. बाहेरचें किंचित् फुगतें, आंतलें किंचित् आकसतें, आणि ज्या दोघांना ओढून वेगळें करतां येत नव्हतें तीं आपण होऊन सुटतात.

मिस्त्रींनीं मुलाला हेंच सांगितलें आणि मग कामाला क्रमानें सुरुवात केली. आधीं त्यांनीं पुढच्या चाकांना दोन्हीं बाजूंनीं लांकडाचे गुटके लावले. गाडी जॅकवर उभी होती ती भक्कम घोड्यांवर घेतली. कारण जॅक हें उचलण्याचें साधन आहे, टेकण्याचें नव्हे, आणि त्याच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालणारे लोक एकदांच चुकतात. मग त्यांनीं हातब्रेक सोडलेला आहे ना तें पाहिलें. हसूं येण्याजोगी गोष्ट, पण कित्येक ड्रम केवळ हातब्रेक ओढलेला राहिल्यामुळें 'अडकतात'. नंतर त्यांनीं ड्रम हातानें फिरवून पाहिला. तो फिरतांना घांसत होता. याचें कारण असें कीं वर्षानुवर्षें ब्रेकच्या शूंनीं ड्रमची आंतली बाजू झिजविलेली असते. झिजलेल्या भागाच्या कडेला एक कंगोरा उरतो, आणि ड्रम बाहेर ओढूं गेलें कीं शू त्या कंगोऱ्यांत अडकतात. फोर्ड 'ए' मध्यें शू आवळण्या-सोडण्याचा चौकोनी डोक्याचा खिळा मागच्या तबकडींतून बाहेर आलेला असतो. मिस्त्रींनीं तो उलटा फिरवून शू पूर्ण मागें घेतले. आतां ड्रम मोकळा फिरूं लागला. म्हणजे ब्रेकची तक्रार मिटली. उरली ती फक्त निमुळती पकड. रोग कोठें आहे हें औषधापूर्वीं कळावें लागतें. येथेंही तसेंच आहे.

मग नट. त्याची स्प्लिट पिन सरळ करून काढली, पान्हा लावला. कांहीं गाड्यांत एका बाजूच्या नटाला उलटे आटे असतात. त्याची माहिती करून न घेतां जोर लावणारा मनुष्य नट सोडवीत नाहीं, आवळीत बसतो. येथें आटे सरळच होते. नट सैल झाला, पण मिस्त्रींनीं तो काढला नाहीं. दोन आटे सोडून तेथेंच राहूं दिला. मुलाला नवल वाटलें. "हा राहूं द्यावयाचा," ते म्हणाले, "तुंबा सुटतो तेव्हां सांगून सुटत नाहीं. नट नसला तर पंधरा-वीस शेरांचें लोखंड छातीवर येतें."

आतां पुलर. यांतही चांगलें व वाईट असें दोन प्रकारचें हत्यार असतें. तीन पायांचा साधा पुलर ड्रमच्या कडेला धरून ओढतो. त्यानें तुंबा हलण्याऐवजीं ड्रमच वांकडा होतो, आणि वांकडा ड्रम म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पायाखालीं धडधडणारा ब्रेक. फोर्ड 'ए' साठीं निघालेला खरा पुलर तुंब्याच्या बाहेरच्या टोंकावरील खाचेला दोन अर्ध्या कड्यांनीं कवटाळतो आणि मधला स्क्रू आंसाच्या टोंकावर दाबतो. ओढ आहे ती नेमकी जेथें पकड आहे तेथें. तिसरें एक स्वस्त साधन मिळतें : आंसाच्या आट्यांवर बसणारी जाड टोपी. ती चढवून तिच्यावर घणानें हाणावयाचें. त्यानें तुंबा सुटतो हें खरें. पण तो घाव आंसाच्या वाटेनें सरळ आंत डिफरन्शियलपर्यंत जातो, तेथल्या बेअरिंगांना व दांत्यांना तो सोसावा लागतो. बाहेरचें काम साधतें आणि आंतलें बिघडतें. आणि बिघडलेलें कळतें तें पुष्कळ मैल गेल्यावर.

मिस्त्रींनीं पुलर बसविला, स्क्रू आवळला, स्क्रूच्या डोक्यावर हलक्या हातोडीनें एक टिचकी मारली, पुन्हा थोडा आवळला. ड्रम हलला नाहीं. मुलगा उतावीळ झाला. मिस्त्री हात पुसून उठले आणि म्हणाले, "आतां याला रात्रभर असाच राहूं दे. आपल्यापेक्षां त्याला घाई कमी आहे."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताण तसाच होता. मग फुलपात्रांची युक्ति. ब्लो-लॅंपच्या ज्योतीनें तुंबा चोहोंकडून सारखा तापवावयाचा, आंस नव्हे. लाल करावयाचा नाहींच. पाण्याचा थेंब टाकला असतां चर्र वाजावें इतकाच. आंसाचें पोलाद विशेष पाणी दिलेलें असतें; तें ज्योतीखालीं धरणें म्हणजे त्याचें बळ काढून घेणें. फोर्ड 'ए' ची पेट्रोलची टाकी पुढें, वाऱ्याच्या कांचेखालीं असते, मागें नव्हे. तरीही मिस्त्रींनीं तेलकट चिंध्या दूर केल्या, वाळूची बादली जवळ ठेवली आणि मगच लॅंप पेटविला. तुंबा पुरेसा तापल्यावर त्यांनीं लॅंप विझविला, मुलाला बाजूस उभें केलें आणि पान्ह्यानें पुलरला पाव फेरा दिला. बंदुकीच्या बारासारखा एक आवाज झाला. ड्रम दोन आटे पुढें येऊन नटावर टेकला. न काढलेल्या नटाचें मोल मुलाला त्या क्षणीं कळलें.

येथपर्यंतची गोष्ट शक्ति आणि युक्ति यांची. यापुढची अधिक महत्त्वाची.

ड्रम बाहेर येतांच मुलानें आंतली काळी धूळ फुंकण्यासाठीं तोंड पुढें केलें. मिस्त्रींनीं त्याला हातानें मागें सारलें. त्या काळच्या ब्रेकच्या लायनिंगमध्यें अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू विणलेले असत. ही धूळ श्वासाबरोबर आंत गेली तर फुप्फुसांत राहते आणि कित्येक वर्षांनीं कर्करोगासारखा असाध्य विकार उत्पन्न करूं शकते. जुने मिस्त्री ती वाऱ्याच्या नळीनें खुशाल उडवीत; त्याची किंमत कित्येकांनीं भरली असेल. आज तें करूं नये. तोंडावर चांगला मुखवटा बांधावा, लहान मुलांना दूर ठेवावें, धूळ कोरडी न झाडतां ओल्या फडक्यानें टिपावी आणि तें फडकें पिशवींत बंद करून टाकावें.

नंतर मिस्त्रींनीं आंसाचें निमुळतें टोंक रॉकेलनें धुतलें आणि ते बराच वेळ त्याकडे पाहात राहिले. टोंकाचा जाड भाग चकचकीत होता, बाकीच्या भागावर तांबडा गंज. याचा अर्थ, कोण्या एके काळीं कोणी तरी हा तुंबा घाईनें बसविला होता. पकड सर्वत्र नव्हती, कडेच्या एका पट्ट्यावरच होती. म्हणजे इतकीं वर्षें जो भार पकडीनें वाहावयाचा तो बिचाऱ्या चावीच्या माथीं आला होता. त्यांनीं टोंकाला पुन्हा रॉकेल लावलें, कांहीं वेळ थांबले, फडक्यानें अगदीं कोरडें पुसलें आणि मुलाकडे खडू मागितला. शाळेंतला साधा खडू. त्याची पूड करून ती आंसावर चोळली. थोड्या वेळानें चावीच्या खाचेच्या कोपऱ्यापासून निघालेली केंसासारखी एक काळी, ओली रेघ त्या पांढऱ्या पुडीवर उमटली. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेंत रॉकेल शिरलें होतें. पुसलेल्या पृष्ठभागावर तें नव्हतें, पण भेगेंतून तें पाझरलें आणि खडूनें तें टिपून घेतलें.

धनी खालीं वांकून पाहात होते. त्यांनीं विचारलें, "मिस्त्री, एवढी बारीक भेग; लग्नापुरती गाडी चालेल ना ? कार्यालय चार मैलांवर तर आहे."

मिस्त्रींनीं उत्तर देण्यापूर्वीं त्यांना ड्रमची रचना दाखविली. या गाडींत मागच्या चाकाचें बेअरिंग आंसावर नसून आंसाच्या बाहेरील नळीवर असतें. चाकाचा भार नळी वाहते खरी, पण चाक बाहेर निसटूं न देण्याचें काम आंसाचें टोंक आणि त्यावरील नट यांचेंच असतें. तें टोंक तुटलें तर तुंबा, ड्रम व चाक हीं तिन्हीं एकदमच गाडी सोडून जातात. आणि त्यांच्याबरोबर त्या बाजूचा ब्रेकही जातो. "चार मैल जाईल," मिस्त्री म्हणाले, "चारशेंही जाईल. किंवा फाटकांतून बाहेर पडतांना जाणार नाहीं. साहेब, मुलगी आंत बसणार आहे. ह्यांत मला विचारूं नका."

धन्यानीं पुन्हा विचारलें नाहीं. फोर्ड 'ए' चा आंस नुसता उपसून काढतां येत नाहीं. त्याच्या आंतल्या टोंकाला डिफरन्शियलचें दांतेरी चाक अखंड घडविलेलें असतें, त्यामुळें तो बदलावयाचा तर मागचा सारा सांगाडा खोलावा लागतो. पंधरा दिवसांत तें होण्यासारखें नव्हतें. लग्नाच्या दिवशीं नवरीमुलगी भाड्याच्या साध्या मोटारींतून गेली. फोर्ड गाडी घोड्यांवरच उभी होती, मुलीनें जातांना तिच्या दिव्याला एक गजरा बांधला आणि भावाला म्हणाली, "ही नीट झाल्यावर मला माहेरीं न्यायला घेऊन ये."

दोन महिन्यांनीं नवा आंस आला. तो बसवितांना मिस्त्रींनीं मुलाला काढण्यापेक्षांही अधिक वेळ शिकविलें. आंसाच्या टोंकाला निळ्या रंगाचा पातळ हात द्यावयाचा, तुंबा चढवून काढावयाचा आणि रंग कोठें लागला तें पाहावयाचें. सर्वत्र लागेपर्यंत दोन्हीं पृष्ठभाग बारीक दळाच्या लेपानें एकमेकांवर घांसावयाचे. मग तो लेप कणभरही न ठेवतां पुसून काढावयाचा. निमुळत्या भागावर तेल किंवा वंगण लावावयाचें नाहीं. पकड कोरडीच असावी. चावी खाचेंत हलतां कामा नये. नट शंभर फूट-पौंड आवळावयाचा. आणि स्प्लिट पिनचें भोक जुळलें नाहीं तर नट मागें न घेतां पुढेंच न्यावयाचा. थोडे मैल गाडी चालवून पुन्हा एकदां आवळून पाहावयाचा. मागें जाऊन भोक जुळविण्याचा जो एक क्षणाचा आळस, त्यांतूनच ती जुनी भेग जन्मली असली पाहिजे असें मिस्त्रींचें मत होतें.

जुन्या मोटारीचा घट्ट बसलेला भाग हा शत्रु नव्हे. तो घट्ट आहे, कारण कोणे एके काळीं कोणाला तरी तो घट्टच असावयास हवा होता. त्याला कशानें धरून ठेविलें आहे हें प्रथम ओळखावें, जेथें पकड आहे तेथेंच ओढ द्यावी, ताण देऊन वाट पाहावी, उष्णतेची मदत घ्यावी, आणि घणाची आठवण सर्वांत शेवटीं करावी. ती न झाली तर उत्तमच. आणि भाग निघाला म्हणजे काम संपलें असें मानूं नये. तो काढावयाचा असतो तो त्याच्या मागें काय आहे हें पाहण्यासाठीं. त्या मुलानें पहिल्या दुपारीं घण चालविला असता तर ड्रम कदाचित् निघालाही असता. पण ज्या घाईनें तो काढला त्याच घाईनें परत बसविला गेला असता, आणि खडूची ती रेघ कोणाच्याही दृष्टीस पडली नसती.

पुढें दिवाळसणाला ती फोर्ड गाडी पुण्याच्या रस्त्यांतून सावकाश गेली आणि मुलीला घेऊन आली. भाऊ गाडी हांकीत होता. सासरच्या दारांतून निघतांना त्यानें पहिल्या वीस हातांतच ब्रेक दाबून गाडी थांबविली. बहिणीनें विचारलें, "काय झालें ?"

"कांहीं नाहीं," तो म्हणाला, "थांबते कीं नाहीं तें पाहिलें."